पुडीतलं आतड्यापर्यंत पोचतं का?

सकाळी कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरल्यावर मी आधी पक्षी बघत नाही, खाली अंथरलेलं तूस बघते. विष्ठा घट्ट असेल, वर युरेटचा, म्हणजे पक्ष्याच्या लघवीतल्या घट्ट भागाचा, पांढरा ठिपका असेल, तर मग पाणी, फीडर, पंखे. मागे एका बॅचला एकोणिसाव्या दिवशी मी दारातच थांबले. जागोजागी केशरी, शेंबडासारखे डाग, आणि त्यात मक्याचे कण जसेच्या तसे. पक्षी खात होते, पळत होते, मरही वाढलेली नव्हती. पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं.

डॉक्टरांनी तीन पक्षी उघडून दाखवले. मधलं आतडं फुगलेलं, भिंत पातळ, आत केशरी चिकट स्राव आणि बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. कॉक्सिडिओसिस, म्हणजे आयमेरिया या परजीवीने होणारा आतड्याचा आजार (आम्ही नुसतं कॉक्सी म्हणतो), आणि लक्षणांवरून त्यातला आयमेरिया मॅक्सिमा. मला राहवेना. म्हटलं, डॉक्टर, मी तर पहिल्या दिवसापासून पाण्यातून चांगल्या जंतूंचं प्रोबायोटिक देतेय, मग आतडं असं कसं? त्यांनी एवढंच विचारलं, "टाकीत क्लोरीन किती टाकता?"

मी टाकीत नेमाने क्लोरीन टाकत होते. जंतू मारायला क्लोरीन आणि त्याच पाण्यात प्रोबायोटिकमधला जिवंत लॅक्टोबॅसिलस! लस पाजायच्या दिवशी मी क्लोरीन बंद ठेवायचे, पाण्यात साय काढलेल्या दुधाची पावडर घालायचे, कारण लशीतला विषाणू मरेल हे मला पक्कं माहीत होतं. प्रोबायोटिकही जिवंतच असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चांगलं प्रोबायोटिक दिलं असतं तर कॉक्सी झालाच नसता असं मी म्हणत नाही, तो परजीवी आहे आणि त्याचा बंदोबस्त वेगळा. पण तेव्हापासून कोणतीही पुडी हातात आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला: ही आतड्यात जिथं काम करायचं तिथं, करायच्या अवस्थेत पोचते का?

प्रोबायोटिकची गरज का पडते हे मला कळलं ते एका जुन्या प्रयोगामुळे. १९७३ साली फिनलंडमधल्या नुर्मी आणि रंताला यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू पाजले, तेव्हा ती पिल्लं साल्मोनेलाला दाद देईनाशी झाली. चांगल्या जंतूंनी आधीच जागा धरलेली होती. कोंबडीखाली उबलेल्या पिल्लाला हे जंतू आईच्या विष्ठेतून, घरट्यातून आपसूक मिळतात. आपलं पिल्लू यंत्रात जन्मतं आणि आईला कधी भेटतच नाही. चाळीस-बेचाळीस ग्रॅमचा तो जीव खोक्यातून उतरवताना मला हे दर वेळी आठवतं. पहिल्या आठवड्यात त्याचं आतडं बाकीच्या शरीरापेक्षा झपाट्याने वाढतं, आणि त्यात आधी कोण येऊन बसतो याला फार महत्त्व आहे.

आता मी पाण्यातून द्यायचं प्रोबायोटिक क्लोरीन नसलेल्या पाण्यात, दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवते. खाद्यातून द्यायचं असेल तर बॅसिलस सबटिलिस किंवा लायकेनिफॉर्मिस. हे बीजाणूच्या रूपात असतात. पेलेट करताना खाद्य ८० अंशांच्या आसपास तापतं, त्यात साधा लॅक्टोबॅसिलस टिकत नाही, बीजाणू टिकतो. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना प्रोबायोटिक दिलं तर बऱ्याचदा तेही मरतं. म्हणून कोर्स संपू द्यावा, मग सुरू करावं.

ब्युटिरिक ॲसिडचा धडाही असाच. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते आवडतं इंधन, हे खरं. पण साधं सोडियम ब्युटिरेट दिलं की बरंचसं वरच्या भागातच, अन्नपिशवीत आणि जठरात, शोषलं जातं. आपल्याला हवं असतं खाली. त्यासाठी चरबीचं आवरण घातलेलं किंवा ग्लिसरॉलला बांधलेलं, म्हणजे ट्रायब्युटिरिनसारखं, घ्यावं लागतं. ते आतड्यात लायपेज या चरबी फोडणाऱ्या एन्झाइमने सुटतं. पिशवीवर 'ब्युटिरेट' लिहिलंय एवढ्यावर आता मी थांबत नाही. कोणत्या रूपात आहे, ते विचारते.

फॉर्मिक, प्रोपियॉनिक ही आम्लं मी पाण्यातून देते. ती जंतूच्या आत शिरतात ती विघटन न झालेल्या रूपात, आणि तसं रूप आम्लधर्मी पाण्यातच जास्त असतं. म्हणून अंदाजाने टोपणभर न ओतता पीएच मोजायचा. फार उतरवला तर पक्षी पाणी कमी पितात, पाणी कमी तर खाद्य कमी. आणखी एक गोष्ट: नळीत आतून साचलेला बुळबुळीत थर आम्लाने सुटतो आणि निपलमध्ये, म्हणजे पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या तोटीत, अडकतो. दोन ओळी कोरड्या पडल्यावर मला हे कळलं. आधी रिकाम्या शेडमध्ये नळ्या धुवून घ्याव्यात, मगच आम्ल सुरू करावं.

यीस्टच्या भिंतीतून मिळणारं एमओएस, म्हणजे मॅनोज साखरेच्या छोट्या साखळ्या, साधं आणि चिवट आहे. काही जंतू मॅनोज साखरेला चिकटायला बघतात. त्यांना आतड्याच्या भिंतीऐवजी हे मॅनोज सापडतं आणि ते त्यालाच धरून बाहेर पडतात. त्यात जिवंत काही नाही, त्यामुळे क्लोरीनची आणि उष्णतेची चिंता कमी. झायलनेजसारखं एन्झाइम खाद्यात गहू किंवा बार्ली जास्त असेल तेव्हा खरं उपयोगी. त्या धान्यांतल्या तंतूंमुळे आतड्यातला लगदा चिकट होतो, एन्झाइम तो मोकळा करतं. ओव्याला ज्या थायमॉलमुळे वास येतो, तोच आणि त्याचा भाऊबंद कार्व्हाक्रॉल वनस्पतिजन्य मिश्रणांत असतो. त्यांचं प्रमाण पिशवीवर दिलेलं नसेल तर मी ते घेत नाही.

सगळ्यांत जास्त जीव जातो तो कॉक्सीनंतर येणाऱ्या नेक्रोटिक एन्टरायटिसमध्ये, म्हणजे आतड्याचं अस्तर मरून जाणाऱ्या आजारात. आयमेरिया अस्तर फोडतो, तिथून प्रथिनं झिरपतात, चिकट स्राव वाढतो, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूला आयतं जेवण मिळतं. मग आतड्याची आतली बाजू खरखरीत टॉवेलसारखी दिसते. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची अँटिबायोटिक्स खाद्यातून काढली, तेव्हा हाच आजार अनेकांच्या शेडमध्ये डोकं वर काढू लागला. त्या निर्णयाच्या बाजूने मी मनापासून आहे. माणसाला लागणारं औषध कोंबडीचं वजन वाढवायला वापरायचं नाही. पण ते काढल्यावर मोकळी झालेली जागा एका पुडीने भरत नाही. आधी कॉक्सी धरावा लागतो: खाद्यात आयनोफोर, म्हणजे कॉक्सीवरचं औषध, किंवा जिवंत लस. दोन्ही एकदम नाही, कारण खाद्यातलं औषध लशीलाच मारतं. आणि मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही आयनोफोर चालू असताना टियाम्युलिन हे अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका, पक्षी लंगडतात, पडतात, मरतात.

आणि तूस. आयमेरियाच्या अंड्यांना पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते. त्यातली ओल आपल्या हातात आहे. मुठीत दाबलं की तूस हलकं चिकटावं आणि मूठ उघडली की सुटावं. गोळा राहिला तर निपल गळतोय, नाहीतर पंखे कमी पडताहेत. हे न सुधारता आतड्यासाठी पैसे घालवणं मला पटत नाही.

माझ्या दोन शेडचा मला मोठा उपयोग होतो. पिल्लं एकाच लॉटची, खाद्य एकच, नवीन पुडी फक्त एका शेडला. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी दोन्हीकडे वजन, शिवाय तुसाची नोंद. पुढच्या बॅचला शेड बदलायची, कारण एका शेडला वारा जास्त मिळतो. एकाच वेळी तीन गोष्टी सुरू केल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. वर्षभर वापरलेलं एक मिश्रण मी असंच बंद केलं, तीन बॅच वजनात काही दिसलं नाही. आवरण घातलेलं ब्युटिरेट ठेवलं, त्या शेडमधली विष्ठा घट्ट राहिली आणि तळपाय स्वच्छ दिसले.

आत्ताच्या बॅचचा आज सोळावा दिवस. पूर्वेच्या शेडमध्ये बॅसिलस चालू आहे, पश्चिमेच्या शेडमध्ये काही नाही. काल पश्चिमेकडे निपलच्या चौथ्या ओळीखाली तूस ओलं लागलं. वॉशर बदलला, ओलं तूस काढून कोरडं टाकलं. डॉक्टर एकोणिसाव्या दिवशी येणार आहेत, दोन्ही शेडमधले तीन-तीन पक्षी उघडून बघायला.