पहाटे चारची गाडी

"एवढ्या लहान पोरीला घेऊन परदेशात कशाला, तिला मोठेपणी काय आठवणारे?" हे ट्रिपच्या आधी इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी मी नुसतं हो हो म्हणायला लागले. खरंच आहे, अडीच वर्षांच्या लेकीला यातलं काही आठवणार नाही. पण मला आठवणारे ना!

विमानाचं आधी सांगून टाकते कारण सगळे तेच विचारतात. दोन वर्षं पूर्ण झाली की मूल मांडीवर चालत नाही, स्वतंत्र सीट घ्यावी लागते, आणि ते पैसे भरताना जिवावर आलं होतं. पण मागच्या वेळी ती चौदा महिन्यांची होती, तेव्हा मांडीवरचं तिकीट मोठ्यांच्या साधारण दहा टक्क्यांत मिळालं, वर बॅसिनेट म्हणजे बाळाला झोपवायचा छोटा पाळणाही मिळाला, पण त्यातून तिचे पाय बाहेर यायचे आणि विमान जरा हललं, सीटबेल्टचा दिवा लागला की नुकत्या झोपलेल्या पोरीला उचलून परत मांडीवर, रात्रभर हाच उद्योग. त्यामानाने यावेळी चैन होती. उतरताना कान दुखू नयेत म्हणून घोट घोट पाणी पाजत राहिलो, गिळलं की कानातला दाब सुटतो, आणि त्यामुळे लँडिंगनंतर पहिलं काम बाथरूम शोधणं!

इमिग्रेशनला मजा झाली. पासपोर्टवरचा फोटो चार महिन्यांची असतानाचा, टक्कल आणि फुगलेले गाल, आणि समोर ही दोन शेंड्या बांधून उभी. ऑफिसर एकदा फोटो बघतोय, एकदा हिला. मग त्याने हिलाच नाव विचारलं. हिने सांगितलं नाही, उलट त्याला मराठीत विचारलं, "तुझं काय?" काय कळलं त्याला कोण जाणे, पण त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललं नाहीये त्या खिडकीतून.

बघायच्या गोष्टींची अकरा जागांची यादी केली होती, त्यातल्या तीन झाल्या. बाकीचा वेळ सरकत्या जिन्यांवर गेला.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. आम्ही पश्चिमेकडे गेलो होतो, साडेतीन तासांचा फरक, म्हणजे घरी सात वाजता उठणारी पोर तिथे साडेतीनला टक्क जागी. पहिल्या दिवशी मी वैतागले, नवरा ढाराढूर, हिला खिडकीपाशी नेऊन बसवलं. खाली रस्ता एकदम रिकामा. चारच्या सुमाराला कोपऱ्यावरून पिवळा दिवा फिरवत रस्ता धुणारी गाडी आली, खाली गोल गोल ब्रश, बाजूने पाणी. लेक श्वास रोखून बघत राहिली. "गाडी अंघोळ घालते," एवढंच म्हणाली, तेही हळूच, जणू मोठ्याने बोललं तर गाडी जाईल.

दुसऱ्या दिवशी उठली तीच गाडी गाडी करत. हात हलवला तर ड्रायव्हरने वर बघून हेडलाइट दोनदा मिचकावले! तिसऱ्या दिवशी अंगावर शाल घेऊन आम्ही दोघी खाली दारात जाऊन उभ्या. पहाटेचा तो थंड ओला वास, रिकामा चौक, कडेवर झोपेने गरम झालेली पोर. तो माणूस बोलला काहीच नाही, नुसता वेग कमी केला आणि आमच्यासमोरून जाताना पाणी बंद केलं, पुढे जाऊन परत सुरू.

चौथ्या दिवशी ती साडेपाचपर्यंत झोपली. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखादा तास सरकतं म्हणतात, तसं हिचंही सरकलं असणार, आणि गेले तीन दिवस मी त्याचीच तर वाट बघत होते. नवरा म्हणाला झोपून घे आता निवांत.

चारला मी खिडकीत होते. गाडी आली, त्याने वर बघितलं, मी एकटीच हात हलवला.