'राइट'चं 'राइड'

गाण्याचे शब्द भलतेच ऐकू येणं नवीन नाही. भांडी घासताना निम्मी गाणी माणसं आपापल्या शब्दांत गुणगुणतात. पण भलतं ऐकलेलंच रेकॉर्डवर छापावं आणि ती 1989 साली ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड, ठरावी, हे इटलीच्या ब्लॅक बॉक्स या संगीतचमूलाच जमलं. मूळ ओळ 'राइट ऑन टाइम', शीर्षक झालं 'राइड ऑन टाइम'. अर्थात कान अगदीच खोटा नव्हता. अमेरिकन बोलण्यात 'राइट' आणि 'ऑन' जोडून आले की मधला ट मऊ पडून डकडे झुकतो.

मंडळी तीनच: डीजे दानिएले दावोली, क्लॅरिनेट हे फुंकवाद्य शिकवणारे वालेरियो सेम्प्लिची आणि कीबोर्डचे मिर्को लिमोनी. गळा मात्र अमेरिकन गायिका लोलीटा हॉलोवेचा, तिच्या 1980 च्या 'लव्ह सेन्सेशन' या गाण्यातून उचललेला.

उचलायचा म्हणजे तुकडे करायचे. त्या काळच्या अकाई एस 900 सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून हवा तसा वाजवणाऱ्या यंत्रात, चांगल्या दर्जाचा आवाज जेमतेम पावणेबारा सेकंद मावे. मिनिटाला सुमारे 118 ठोके धरले तर चार ठोक्यांचा एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे हाती पाच-सहा बारच. म्हणून अख्खी ओळ न घेता एखादी आरोळी, एखादा 'ओ' घ्यायचा. स्वर अर्ध्या सुराने चढवला की वेगही सहा टक्क्यांनी वाढतो, आणि भारदस्त बाई चिमुकली वाटू लागते. आवाजाची लहर शून्यावर नसताना कात्री लावली तर 'टक्' असा आवाज येतो. श्वास मात्र कापायचा नाही. तो गेला की आरोळीतला जीवच जातो.

गाण्यातल्या पियानोचं गणित सोपं, पण फसवं. कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले सूर, आखूड वाजवायचे, बरेचसे दोन ठोक्यांच्या मधे. बोट जरा रेंगाळलं की सूर ढोलाखाली गढूळ होतात. डाव्या हाताने खर्ज भरायचा मोह झाला तर बेसशी भांडण ठरलेलंच. नव्वदच्या दशकातल्या हाउस या क्लबमधल्या नाचाच्या संगीतात हा पियानो इतका मुरला, की आज तो कुणाचा हे विचारायचंही कुणाला सुचत नाही.

गाण्याच्या व्हिडिओत ओठ हलवत होती कातरीन किनोल ही मॉडेल. पार्श्वगायनात वाढलेल्या आपल्या कानांना यात वावगं वाटणार नाही. पण आपल्याकडेही 1949 च्या 'महल'च्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंऐवजी पात्राचं, कामिनीचं, नाव छापलं गेलं होतंच. हॉलोवेच्या बाजूने तक्रार झाल्यावर तेच गाणं ब्रिटिश गायिका हेदर स्मॉलकडून पुन्हा गाऊन घेतलं गेलं. पुढच्या 'ड्रीमलँड' अल्बममध्ये बरीचशी गाणी मार्था वॉशने गायली, आणि चेहरा पुन्हा किनोलचाच. वॉशने दावा लावला, तडजोड झाली. नाचगाण्यांच्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव छापायला कंपन्या त्यानंतरच जास्त जपू लागल्या.