जीआर८६ची वाट पाहताना

टोयोटाची नवी स्पोर्ट्स कार जीआर८६ येईपर्यंत तिचे आधीचे मॉडेल, म्हणजे जुनी ८६, घ्यायची नाही, असे मी २०२१मध्ये ठरवले. कारण जुन्या २.० लिटर इंजिनाचा जोर मधल्या आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) जिथे ओसरायचा, तिथेच, ३,७०० आरपीएमला, नव्या २.४ लिटर बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या) इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, शिगेला पोहोचणार होता. खरा घोळ पर्यायांचा होता. प्रीमियम या वरच्या प्रकारात गरम होणाऱ्या सीट आणि १८ इंची चाके होती, पण त्यांवरचे उन्हाळी टायर न्यू जर्सीच्या थंडीत कडक होऊन पकड सोडणार, म्हणजे हिवाळी टायरचा दुसरा संच आलाच. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा तेव्हा फक्त ऑटोमॅटिकला मिळत असल्याने घरच्यांचा कौल तिकडे होता. मी मात्र सहा गिअरची मॅन्युअलच नोंदवली. मागची सीट पाहून सासूबाईंनी “ही पिशव्या ठेवायला का?” असे विचारले, ते वेगळेच.