तुम्ही विचारलंत म्हणून: अल्वा मिर्दालच का?

आधी विद्यार्थिनी विचारायच्या, आता त्यांच्या मुली विचारतात, "बाई, जगात एवढ्या मोठमोठ्या नेत्या होऊन गेल्या, मग तुमच्या तोंडी सारखं त्या स्वीडनच्या अल्वा मिर्दालचंच नाव का?" राज्यशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मिर्दाल म्हटलं की आपल्याकडच्या अर्थशास्त्रवाल्यांना 'एशियन ड्रामा' हे आशियातल्या गरिबीवरचं पुस्तक लिहिणारे अर्थतज्ज्ञ गुन्नार आठवतात. अल्वा त्यांच्या पत्नी, एवढ्यावरच त्यांची ओळख संपते. खरं तर १९५५ ते १९६१ दिल्लीत स्वीडनच्या राजदूत म्हणून त्याच होत्या.

त्यांचा जन्म १९०२चा. एस्किल्स्टुनाला वाढल्या, तिथं मुलींना पुढच्या शिक्षणाची सोयच नव्हती. त्या कचेरीत नोकरीला लागल्या. मग वडिलांनी खटपट करून मुलींसाठी वर्ग सुरू करवले, तेव्हा कुठं शिक्षण पुढं सरकलं. पुढं त्यांनी जे केलं त्याची मुळं मला इथं दिसतात. बाईला नोकरी करायची तर मूल कुणी सांभाळायचं, स्वयंपाक कुणी करायचा? हा प्रश्न त्यांनी घराघरातल्या बाईवर सोडला नाही. स्टॉकहोमला १९३५ साली वास्तुरचनाकार स्वेन मार्केलियस यांच्यासोबत त्यांनी एक इमारत उभी करवली. खाली सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, जेवण वर पोचवायला छोटी लिफ्ट, आणि त्याच इमारतीत पाळणाघर. दुसऱ्या वर्षी बालशिक्षिकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली आणि ती १९४८ पर्यंत चालवली.

एक गोष्ट मात्र मी वर्गात कधी झाकली नाही. लोकसंख्येच्या प्रश्नावर दोघा नवराबायकोंनी १९३४ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात मुलांसाठी, आयांसाठी कितीतरी चांगलं होतं, पण 'अयोग्य' ठरवलेल्या लोकांच्या नसबंदीलाही पाठिंबा होता. नसबंदीच्या कायद्यांखाली स्वीडनमध्ये १९७०च्या दशकापर्यंत माणसं भरडली गेली. अल्वांबद्दल मला आदर आहे, तरी हे मला सलतं आणि सलायलाच हवं.

आता त्यांच्या कामाचा मला सर्वांत प्रिय भाग. १९६२ साली, साठाव्या वर्षी, त्या खासदार झाल्या आणि त्याच वर्षी जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत स्वीडनच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. कुठल्याच गटात नसलेले आठ देश तिथं होते, त्यांत स्वीडनही होता आणि भारतही. पुढं पासष्टीच्या सुमारास त्या मंत्री झाल्या, काम निःशस्त्रीकरणाचं. १९७३ पर्यंत त्या मंत्रिमंडळात होत्या.

भूमिगत अणुचाचण्यांवरच्या बंदीचं घोडं तेव्हा एका जागी अडलं होतं. अमेरिका म्हणे, कुणी चोरून चाचणी केली का ते आम्ही येऊन तपासणार. सोव्हिएत संघ म्हणे, आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. अल्वा भूकंपशास्त्र शिकायला बसल्या. जमीन हादरली ती भूकंपानं की स्फोटानं, हे दूरवरच्या यंत्रांवरून ओळखता येतं का, हे त्यांनी शास्त्रज्ञांकडून समजून घेतलं. मग देशोदेशींनी आपापल्या नोंदी एकमेकांना द्याव्यात असा प्रस्ताव स्वीडननं मांडला. 'हा तज्ज्ञांचा विषय आहे' असं सांगून राजकारण्यांना, त्यातून बाईला, गप्प बसवणं किती सोपं असतं! ही बाई आकडे घेऊन बोलायला उभी राहायची. लिफ्टमधून जेवण वर कसं जाईल हे ज्या बारकाईनं पाहिलं, त्याच बारकाईनं बॉम्बकडे पाहिलं. म्हणून हीच, दुसरी कुणी नाही.

१९८२ साली मेक्सिकोच्या अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्याबरोबर त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. १९८६च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. सर्व अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार दहा वर्षांनी, १९९६ साली, सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या देखरेखीत भूकंपमापक केंद्रांचं जगभर पसरलेलं जाळं आहे. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही. ती करायला हवी होती की नाही, यावर माझ्या वर्गात दरवर्षी कडाक्याचं भांडण व्हायचं, आणि त्या दिवशी मी तास संपल्याची घंटा झाली तरी कुणाला उठवत नसे.