सरांनी मिरजेहून आणलेले उत्तर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा सर्व गुरुजनांविषयी थोडे थोडे लिहायचे ठरवले होते. पण विज्ञानाच्या सरांपलीकडे लेखणी सरकेना, याबद्दल इतर शिक्षकांनी क्षमा करावी. सरांचे नाव मुद्दाम लिहीत नाही. सांगलवाडीहून आयर्विन पुलावरून सायकलने येणारे सर म्हटले की आपल्या शाळेत दुसरे कोणी आठवतच नाही.

नववीत सरांनी खाटकाकडून बोकडाचा डोळा मागवून तो मेणाच्या ट्रेमध्ये आमच्यासमोर उघडला. आतून निघालेले गोटीएवढे बुळबुळीत भिंग त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवले आणि त्याखालची अक्षरे मोठी दिसू लागली. तेव्हा मागच्या बाकावरच्या मित्राने (आज त्याची मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे) विचारले, “सर, आजीचा मोतीबिंदू काढला तेव्हा हेच काढलं ना? मग जाड चष्मा देण्यापेक्षा तिथं दुसरं भिंग का नाही बसवलं?” वर्ग हसला, सर मात्र हसले नाहीत. “मला माहीत नाही, विचारून सांगतो,” एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या रविवारी मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन खरोखरच विचारून आले.

त्यानंतरच्या तासाला प्रकाशाचे अपवर्तन बाजूला राहिले आणि हॅरोल्ड रिडले हे नाव आम्ही प्रथम ऐकले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छताचे पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून राहत, तरी डोळा ते निमूटपणे सहन करतो, हे या इंग्रज नेत्रतज्ज्ञाने हेरले. त्याच पदार्थाचे भिंग करवून घेऊन त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात बसवले. सुरुवातीच्या भिंगांची शक्ती गरजेपेक्षा बरीच जास्त निघाली, काही भिंगे जागेवरून सरकली आणि त्या काळातील सर्वांत मान्यवर नेत्रतज्ज्ञ स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांनी या पद्धतीला कडाडून विरोध केला. सरांनी हा विरोध झाकला नाही. जगात अजून या विषयावर एकमत नाही, असेच त्यांनी आम्हाला सांगितले आणि त्या वेळी ते खरे होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या भिंगांना मान्यता दिली ती 1981 मध्ये.

पुढे नेत्रवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मला समजले की, रिडले यांची एक शस्त्रक्रिया पाहणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यानेही काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाही, असेच विचारले होते. ते वाचताच मी हळदवाल्या मित्राला पत्र टाकले. त्याचे उत्तर हळदीच्या भावापलीकडे गेले नाही, हा भाग वेगळा.

रिडले यांना मान मिळाला तो फार उशिरा. 1966 मध्ये पीटर चॉइस यांच्यासह त्यांनी या विषयाला वाहिलेली आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, 1986 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि सर हा किताब मिळाला तो 2000 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. वृद्धापकाळी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगे बसवण्यात आली. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून ही भिंगे बनवायला घेतल्यावर त्यांची किंमत शिबिरातल्या रुग्णाच्या आवाक्यात आली. आज माझ्याकडे येणाऱ्या आजीला जाड चष्मा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागते.

ऊसतोडीच्या दिवसांत उसाचे पाते लागून बुबुळावर जखम झालेले आणि त्यात बुरशी वाढलेले शेतकरी माझ्याकडे येतात. प्रत्येकाला जखम कशाने झाली, आधी काय टाकले, किती दिवसांनी आलात, हे विचारून मी वहीत लिहून ठेवतो. तरुण सहकारी या वह्यांना हसतात. ही सवय सरांची.

गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा प्रयोगशाळेच्या खोलीत पडदा आणि प्रोजेक्टर होता. डोळ्याची रचना चित्रफितीत उत्तम दिसते, यात शंका नाही, पण मागच्या बाकावरून कोणी काही विचारले नाही. नव्या इमारतीत प्रयोगशाळेसाठी पाण्याची सोय असलेली खोली राखून ठेवावी, अशी समितीला विनंती आहे. ट्रे, कात्र्या आणि सूक्ष्मदर्शकांचा खर्च आमची तुकडी करील. हळदवाल्या मित्राने त्यासाठी आपला वाटा आधीच पाठवला आहे.