सेवाग्राम ते हेमलकसा, बाटलीवरच्या रेघा मोजत

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाच्याने त्याची शाळेची पाण्याची बाटली माझ्या हातात ठेवली. पाऊण लिटरची, निळी, अंगावर काळ्या मार्करने ओढलेल्या चार रेघा. प्रत्येक रेघेसमोर वेळ लिहिलेली. त्या वेळेला पाणी रेघेच्या खाली गेलेच पाहिजे, हा त्याच्या आईने घालून दिलेला नेम. त्याला सिकलसेल आहे. अंगातले पाणी कमी झाले की त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हातपाय असे दुखतात की अकरा वर्षांचे लेकरू उशीत तोंड खुपसून रडते. थंडी लागली, ताप आला, जास्त दगदग झाली तरी तेच.

माझी बहीण वाहक, म्हणजे या आजाराचा एक दोषी जनुक अंगात असलेली, भाऊजीही वाहक. दोघांना कसलाच त्रास नाही, म्हणून लग्नाआधी कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता. असे जोडपे असले की दर खेपेला मूल आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के. नंतर घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली तेव्हा मीही वाहक निघाले. डॉक्टरांनी मला एवढेच बजावले होते, सायकल चालवा, पण पाणी तोडू नका.

आमच्या सायकल ग्रुपने सिकलसेलच्या मुलांच्या औषध-तपासणीसाठी पैसे गोळा करायचे ठरवले. सेवाग्राम ते हेमलकसा, पाच दिवस, साधारण साडेतीनशे किलोमीटर. ओळखीच्यांनी दर किलोमीटरमागे पाच-दहा रुपये कबूल केले होते. शाळेतल्या आमच्या पोषण आहाराच्या मावशींनीही एक रुपया किलोमीटर लिहिला होता. तो आकडा पूर्ण पाच दिवस माझ्या डोक्यात होता. त्यांचे साडेतीनशे रुपये माझ्या पायांवर अवलंबून होते.

जानेवारीची पहाट, अंगात दोन स्वेटर, वर हातमोजे. हिंगणघाट करत वरोऱ्याला पोहोचेपर्यंत सगळी काळी जमीन, शेवटच्या वेचणीचा कापूस आणि तुरीची शेते. पहिल्या दिवशी सायकलवर कोणाचेच काही दुखत नाही. आनंदवनाजवळ मुक्काम होता. 1985 मध्ये बाबा आमटे सव्वाशेच्या आत-बाहेर तरुणांना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून भारत जोडोला निघाले, तेव्हा पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसताही येत नव्हते, गाडीत आडवे पडून ते सोबत गेले. आमच्यातल्या एका काकांनी रात्री ही गोष्ट पोरांना सांगितली. माझ्या कुरकुरायला लागलेल्या गुडघ्याबद्दल मी त्या रात्री कोणाशी बोलले नाही.

आता बायकांच्या अडचणीबद्दल लिहिते, कारण कोणी लिहीत नाही. रस्त्यावर बाया पाणी पीत नाहीत. तहान नसते असे नाही, जायला जागा नसते. शाळेतही माझ्या सहकारी बाया घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत दोन घोट पिऊन राहतात. आमच्या चोवीस जणांत आम्ही पाच बाया, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौघींच्या बाटल्या जवळपास भरलेल्याच होत्या. मला ते करून चालणार नव्हते. मग मी सरळ गावात शिरायचे, अंगणात जी बाई दिसेल तिला विचारायचे. एकीनेही नाही म्हटले नाही. चिचपल्लीच्या अलीकडे एका आजीने बादली भरून दिली, वर म्हणाली, "लाजता काहून बाई, आमीबी बायाच आहोन ना." तिसऱ्या दिवसापासून पाचही जणी सोबत जायला लागलो आणि पाचही बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. या प्रवासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच.

चंद्रपूर ते मूल गाव हा रस्ता वाघाच्या जंगलातला. तिथे सगळ्यांनी एकत्र, ऊन असतानाच पार व्हायचे, कोणी मागे राहायचे नाही, असा नियम होता. मूलनंतर देखावा बदलला. कापूस मागे पडला, धानाच्या बांध्या आणि पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, सुरू झाले. व्याहाड सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. चामोर्शीला मुक्कामी जेवणात लाखोळीची डाळ आणि गरम भात मिळाला. दूर कुठल्यातरी गावात रात्रभर नाटक चालले होते, पेटीचे सूर अंथरुणापर्यंत येत होते. झोप मोडली, पण रागावले नाही.

चौथा दिवस वाईट गेला. आष्टीच्या पुढे खड्डे, लोहखनिजाच्या ट्रकांची रांग, तोंडावर लाल धूळ. एका खड्ड्यात मागचे चाक आपटले आणि चाकातली तार (स्पोक) तुटल्याचा खट्ट आवाज आला. फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळी असते त्या बाजूची तार होती. चाक ब्रेकला घासायला लागले. आमच्यासोबतच्या गाडीतल्या पेटीत त्या मापाची तार नव्हती. पुढारी दादा म्हणाले, "ताई, आजचा दिवस गाडीत बसा, काही बिघडत नाही." गुडघाही सुजला होता. मी खरेच बसले असते. पण मावशींचा एक रुपया आठवला, आणि मी सायकल ढकलत पुढच्या गावापर्यंत चालले.

फाट्यावर चिंचेखाली सायकल दुरुस्तीचे दुकान होते, म्हणजे एक खोके, एक पंप, पाण्याची घमेली. म्हाताऱ्या मिस्त्रींनी सायकल उलटी केली आणि चाक फिरवले. अंगठा फ्रेमला टेकवून नख रिमच्या इतक्या जवळ धरले की चाक जिथे बाहेर येईल तिथेच नखाला घासून खर्र आवाज येई. आवाज आला की चाक थांबवायचे, चावीने तुटलेल्या तारेच्या शेजारच्या दोन तारा पाव फेरा कसायच्या, समोरच्या बाजूची जराशी सैल करायची, पुन्हा फिरवायचे. पंधरा-वीस वेळा हेच. हळूहळू खर्र आवाज बारीक झाला आणि मग आलाच नाही. "आउट निघाला," म्हणजे चाकाचा वाकडेपणा गेला, असे ते म्हणाले, "पूर्ण नाई, पन उद्यापर्यंत जाईल." मागचा ब्रेक थोडा मोकळा सोडून दिला.

मग त्यांनी छातीवरचा फलक वाचला आणि विचारले, "हे कायचा रोग आहे?" मी सांगितले. त्यांच्या मुलाचे लग्न जुळवणे चालू होते. "कुठं होते हे तपासनी?" प्राथमिक आरोग्य केंद्रात, बोटातले थोडे रक्त, आधी सोल्युबिलिटी ही साधी चाचणी, त्यात काही दिसले तर इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की चाचणी. दोघेही वाहक निघाले तर लग्नाआधी डॉक्टरांशी नीट बोला, असे सांगितले. त्यांनी मुलाला हाक मारली आणि ते दोन शब्द माझ्याकडून दोनदा वदवून त्याच्या मोबाइलमध्ये लिहवून घेतले. मजुरीचे चाळीस रुपये घेतले.

आलापल्लीला पोहोचले तेव्हा अंधार पडत होता. पाचव्या दिवशी सागाच्या उंच जंगलातून, पेरमिली, ताडगाव करत गेलो. चढ आला की मी उतरून चालत होते, वर पोहोचले की पुन्हा बसत होते. दुपारी दोनच्या सुमारास हेमलकशाची पाटी दिसली. मी सर्वांत शेवटची. बाकीचे तेवीस जण रस्त्याच्या कडेला थांबून होते, कोणीही माझ्याआधी आत गेले नव्हते.

रात्री एकदाची रेंज मिळाली तेव्हा बहिणीला फोन लावला. फोन भाच्यानेच घेतला. किती किलोमीटर झाले, कितव्या नंबरवर आलीस, काही विचारले नाही.

"मावशी, बाटली किती वेळा भरली?"

"एकतीस."

"थांब, लिहून घेतो," तो म्हणाला.