एक इंच

शुक्रवार, रात्री साडेअकरा. रिपरिप चालूच. आईनं आज तिसऱ्यांदा विचारलं, "मच्छिंद्री झाली का रे?" म्हणजे पंचगंगेचं पाणी पुलाच्या कमानीपर्यंत चढलं का. माझ्या प्रोग्रॅमपेक्षा तिचा पुलावर उभ्या असलेल्या पोरांवर जास्त भरवसा. आज तिचंच बरोबर निघालं.

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या तासातासाच्या पातळीचा हा माझा घरगुती उद्योग. ३९ फूट इशारा, ४३ धोका, त्या दोन रेघांमध्ये आपली सरासरी कुठं आहे ते बघायचं. प्रोग्रॅमिंगच्या दोन भाषा वापरतो: नोंदी साफ करायला फोरट्रान, सरासरी आणि आलेखाला सी. सुरुवातीला फोरट्रान सीला एकदाच सांगतो: अ‍ॅरे (आकड्यांच्या खणांची रांग) मेमरीत अमुक पत्त्यावर, खण २४. मग सी तिथूनच वाचत राहतो.

काल चोवीस तासांऐवजी अख्खा जुलै भरला, ७४४ नोंदी, आणि पंचगंगा ढगांच्याही वर गेली. म्हणून तरी शोधायला बसलो.

दोष माझ्याच एका ओळीत. '-९९' असलेल्या रिकाम्या नोंदी गाळून उरलेल्या त्याच अ‍ॅरेत परत टाकत होतो. मी शिकलो ते फोरट्रान ९५. त्यात डावीउजवीकडचं माप जुळवणं आपलं काम. २००३ च्या मानकापासून डावीकडचा अ‍ॅलोकेटेबल (प्रोग्रॅम चालू असताना जागा मिळणारा) अ‍ॅरे स्वतःच माप बदलतो, वेळ पडली तर जागाही. गंमत म्हणजे सीशी बोलायची अधिकृत सोयही त्याच मानकात आली. एका हातानं पत्ता द्यायचा, दुसऱ्या हातानं घर बदलायचं!

महिन्याची चूक ढळढळीत होती: अ‍ॅरे नव्या जागी गेला, सी जुन्याच पत्त्यावरचा कचरा वाचत राहिला. रोजची मात्र लबाड. २४ चे २२ झाले, जागा तीच राहिली, शेवटच्या दोन खणांत जुने आकडे तसेच. सी २४ च मोजणार, म्हणजे शेवटचे दोन तास दुप्पट धरले गेले. पाणी चढत असलं की सरासरी जेमतेम इंचभर वर. इंचभराला कोण हटकणार?

आता अ‍ॅरे मोठा आणि कायमचा ठेवलाय. उरलेल्या नोंदी 'पातळी(१:न) =' असं लिहून पहिल्या न खणांत भरतो, म्हणजे अ‍ॅरेचं माप बदलत नाही, आणि तो न दर वेळी सीला कळवतो. नुसतं 'पातळी =' लिहायचा हात अजून सुटत नाही, दोनदा खोडलं.

गल्लीच्या ग्रुपवर रोज आलेख टाकतोय. उद्या सांगावं लागणार की काही दिवस नदी मीच इंचभर चढवली होती. "भावा, आता उतरव की तूच," असं कोण म्हणणार तेही माहीत आहे.